पक्षाघाताचे मोजमाप : रुग्णशय्येजवळील बेचाळीस गुण

(प्रशासकीय अधिकाऱ्यांचे टिपण)



प्रस्तुत अहवालाच्या सांख्यिकी विभागात पक्षाघाताच्या रुग्णांचा जो तक्ता आहे, त्यात पूर्वी तीनच रकाने असत : दाखल झालेले, सुधारणा होऊन घरी गेलेले आणि मृत्यू पावलेले. आता त्यात ‘दाखल होतेवेळचा गुणांक’ असा चौथा रकाना आहे. हा गुणांक कसला, तो कोण देतो, आणि माणसाच्या दुखण्याला शाळेतल्याप्रमाणे गुण देणे कितपत उचित, अशी विचारणा काही सभासदांनी केली. विचारणा रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून औषधोपचार हे माझे क्षेत्र नव्हे. तथापि रकाना कोणता ठेवावा व कोणता काढावा हा प्रश्न अखेर माझ्या टेबलावर येतो. त्यामुळे आपले वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांच्याकडून जे समजून घेतले आणि त्यांच्याकडून तपासून घेतले, ते येथे मांडीत आहे.

पक्षाघात म्हणजे आपल्याकडे ज्यास लकवा म्हणतात, किंवा ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात, तो विकार. नावात वारे असले तरी वाऱ्याचा येथे काही संबंध नाही. मेंदूस रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते, अथवा ती वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. दोन्ही प्रसंगी मेंदूचा तो भाग उपाशी राहतो आणि त्या भागाच्या ताब्यातील काम थांबते : हात, पाय, वाचा, दृष्टी, गिळणे.

हा विकार शहरी श्रीमंतांचा, अशी एक समजूत अद्याप आढळते. आपल्याच विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या पुढाकाराने ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत तेथे १,५९९ मृत्यू झाले. त्यांपैकी २२९, म्हणजे शंभरात चौदाहून अधिक, पक्षाघाताने झाले. त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तेच ठरले. याहून अस्वस्थ करणारी नोंद अशी की, पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसे घरीच गेली. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या वर्षांत केलेल्या पाहणीत २५ वर्षांवरील दर एक लाख लोकांमागे वर्षाला १४५ जणांना प्रथमच पक्षाघात झाल्याचे आढळले, आणि त्यांतील सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. मुंबईत ही स्थिती, तर घाटाखालच्या एखाद्या आडवळणाच्या गावाची कल्पना वाचकांनी करावी.

‘सिरियस’ या शब्दाची अडचण

आपल्या रुग्णालयात पूर्णवेळ मेंदूविकारतज्ज्ञ नाहीत, ही गोष्ट सभासदांपासून लपलेली नाही. ज्या रुग्णास अधिक उपचारांची गरज आहे, त्यास खामगावकडून अकोल्यास, किंवा घाटावरून छत्रपती संभाजीनगरास पाठवावे लागते. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, ही आनंदाची बाब. परंतु महाविद्यालय सुरू होणे आणि तेथे सर्व विशेषोपचार उभे राहणे यांत काही वर्षांचे अंतर असतेच. तोवर दूरध्वनी हाच आपला तज्ज्ञ.

आणि त्या दूरध्वनीवर काय सांगावयाचे? “पेशंट सिरियस आहे.” पलीकडील डॉक्टरांना रात्रीतून असे अनेक दूरध्वनी येतात आणि प्रत्येक रुग्ण सिरियसच असतो. ‘उजवी बाजू गेली आहे’ असे सांगितले तर तीतून हात किंचित ढिला पडलेला आणि हात मुळीच न हलणारा, असे दोन्ही अर्थ निघतात. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर हे ‘माल बराच आहे’ असे कळविण्यासारखे झाले. खामगावच्या बाजारात कापसाचा सौदा अशा वर्णनावर होत नाही. तेथे क्विंटल लागतात. पक्षाघाताच्या बाबतीत हे क्विंटल म्हणजे ‘एनआयएच स्ट्रोक स्केल’ या नावाची मापनश्रेणी होय.

अमेरिकेतील सिनसिनाटी येथील डॉ. थॉमस ब्रॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. नव्या औषधांच्या चाचण्यांत निरनिराळ्या गावांचे डॉक्टर एकाच मापाने रुग्ण मोजतील, हा मूळ हेतू होता. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची जी प्रसिद्ध चाचणी १९९५ साली प्रकाशित झाली, तिच्यात हीच श्रेणी वापरली गेली, आणि तेथून ती जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली. तिच्यासाठी यंत्र लागत नाही. एक छापील कागद, एक टाचणी, काही चित्रे, आणि पाच ते दहा मिनिटे एवढेच साहित्य. चित्रफितींवरून रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही ही तपासणी भरवशाने करतात, हे सिद्ध झालेले आहे. आमच्यासारख्या संस्थेस ही गोष्ट किती मोलाची आहे, हे सांगण्याची गरज नसावी.

एक खुलासा आरंभीच करतो. येथे गुण अधिक म्हणजे स्थिती वाईट. शून्य म्हणजे तपासणीत दोष नाही. बेचाळीस ही कमाल मर्यादा. सर्वसाधारणपणे १ ते ४ सौम्य, ५ ते १५ मध्यम, १६ ते २० मध्यम ते तीव्र आणि २१ पासून पुढे तीव्र मानतात. डोक्यास मार लागलेल्या रुग्णांसाठी वापरली जाणारी ‘ग्लासगो कोमा स्केल’ ही १९७४ सालची श्रेणी नेमकी उलट चालते. तीत ३ म्हणजे खोल बेशुद्धी आणि १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. दूरध्वनीवर नुसते ‘गुण पंधरा’ म्हटले, तर ऐकणारा निश्चिंत होईल किंवा खडबडून उठेल, हे तो कोणती श्रेणी गृहीत धरतो यावर अवलंबून राहील. म्हणून आपल्या केसपेपरवर गुणांच्या आधी श्रेणीचे नाव लिहिणे सक्तीचे केले आहे.

तपासणी कशी चालते

श्रेणीत अकरा बाबी आहेत, आणि पहिलीचे तीन पोटभाग आहेत. क्रम ठरलेला असून तो मोडावयाचा नाही, आणि पुढे जाऊन मागचे गुण बदलावयाचे नाहीत. रुग्ण जे करतो त्यास गुण. तो काय करू शकेल असे आपल्यास वाटते, त्यास नव्हे. हिशेब तपासनीसाची शिस्त याहून वेगळी नसते.

प्रथम रुग्ण किती जागा आहे हे पाहतात. नंतर त्यास दोन प्रश्न विचारतात : चालू महिना कोणता, आणि तुमचे वय किती? त्यानंतर दोन आज्ञा : डोळे मिटा व उघडा; मूठ वळा व सोडा. मग दृष्टी डावीकडे-उजवीकडे फिरते काय, चारही बाजूंची बोटे दिसतात काय, आणि हसताना चेहरा वाकडा होतो काय, हे पाहिले जाते. यानंतर हात व पाय. उताणे निजलेल्या रुग्णाचा हात पंचेचाळीस अंशांवर उचलून देतात आणि परिचारिका मोठ्याने दहापर्यंत अंक मोजते. धडधाकट बाजू आधी, दुबळी नंतर. हात जागचा हलला नाही तर शून्य. खाली झुकला पण खाटेस टेकला नाही तर एक. उचलून धरण्याचा प्रयत्न दिसतो पण हात खाटेवर येतो तर दोन. भाराविरुद्ध काहीच जोर नाही, सोडताच पडतो, तर तीन. आणि हालचालच नाही तर चार. पाय तीस अंशांवर आणि पाच अंकांपर्यंत. शेवटी अवयवांचा तोल, टाचणीची संवेदना, भाषा, उच्चार, आणि एका बाजूकडे होणारे दुर्लक्ष.

कागदावर हे सोपे दिसते. वऱ्हाडातील एखाद्या आजीच्या खाटेजवळ ते किती कठीण होते, हे पाहण्यासारखे आहे.

वयाचेच घ्या. आपल्याकडील कित्येक वृद्धांना आपले वय वर्षांत सांगता येत नाही, आणि ते आजारामुळे नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता, ही त्यांची गणना. आधारपत्रावर पाहावे तर अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी. महिना विचारला तर उत्तर ‘ऑगस्ट’ असे येत नाही. ‘पोळा झाला, आता भादवा’ असे येते. आता हे उत्तर बरोबर की चूक? श्रेणीचा नियम कडक आहे : पहिलेच उत्तर धरावे, नातेवाइकांनी सुचवू नये, जवळपासच्या उत्तरास सवलत नाही. पण महिना कोणत्या पंचांगातला, यावर नियम मौन आहे. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी असे ठरविले की, मराठी महिना अचूक सांगितला तर उत्तर बरोबर धरावे. यासाठी प्रत्येक कक्षात दिनदर्शिका टांगली आहे, कारण अलीकडच्या तरुण परिचारिकांना आषाढ कधी संपतो हे रुग्णाइतके ठाऊक नसते. वयाच्या बाबतीत मात्र नियमाप्रमाणे गुण देऊन, ‘आजारापूर्वीही वय सांगता येत नव्हते, इति मुलगा’ अशी टीप बाजूस लिहावयाची. कर्मचाऱ्याने आपल्या मनाने गुण माफ करावयाचा नाही. टीप वाचणारा डॉक्टर काय तो अर्थ लावील.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा बोलणारी माणसे आहेत. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी जिचे नाते निश्चितपणे जुळलेले नाही, अशी ही भाषा असून ती बोलणारे थोडेच उरले आहेत. कोरकू बोलणारेही त्या बाजूस आहेत. अशा रुग्णास प्रमाण मराठीत प्रश्न विचारला आणि तो गप्प राहिला, तर त्याची वाचा गेली की प्रश्न कळला नाही? श्रेणी तयार करणाऱ्यांना या अडचणीची कल्पना होती. वाचाघाताखेरीज अन्य कारणाने, उदाहरणार्थ भाषेच्या अडसरामुळे, उत्तर देता आले नाही तर त्या बाबीस एक गुण द्यावा असे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे परीक्षकास रुग्णाची भाषा येत नाही याचा एक गुण रुग्णाच्या नावावर चढतो. हिशेबाच्या दृष्टीने मला हे थोडे खटकते. त्यावरचा उपाय सोपा आहे : सोबत आलेल्यांपैकी दोन्ही भाषा जाणणारा माणूस खाटेजवळ उभा करावयाचा, आणि त्याने केवळ प्रश्नाचा अनुवाद करावा, उत्तर सुचवू नये, हे त्यास आधी समजावून सांगावयाचे. वऱ्हाडी रुग्णास तर एवढेही लागत नाही. ‘डोये मिटा’ म्हटले की पुरते. आज्ञा पुस्तकी असलीच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही.

नाव सांगण्यासाठीची मूळ चित्रे अमेरिकी आहेत. किल्ली, खुर्ची, पीस आणि निवडुंग आपल्या माणसास अडत नाहीत. झाडांना बांधलेल्या झुल्यास तो झोळी म्हणतो आणि ते उत्तर मान्य करावयास हरकत नसावी. हातमोजा मात्र बहुतेकांनी डॉक्टरांच्या हातातच पाहिलेला. दुसऱ्या एका चित्रात स्वयंपाकघर आहे : बाई भांडी पुसते आहे, हौदातून पाणी ओसंडून जमिनीवर वाहते आहे, आणि मागे मुले कपाटातील खाऊ चोरीत आहेत. या चित्राचे वर्णन करावयाचे असते. ज्या गावात उन्हाळ्यात आठवड्याने पाणी येते, तेथील माणूस मुलांच्या चोरीकडे पाहतच नाही. तो प्रथम नळ बंद करा म्हणतो. भाषा शाबूत असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? उच्चार तपासण्याच्या यादीतील ‘हकलबेरी’ किंवा ‘बेसबॉल प्लेयर’ यांसारखे शब्द मात्र येथे निरुपयोगी आहेत. ओठ, जीभ आणि घसा ही तिन्ही स्थाने तपासली जातील असे मराठी शब्द, जसे मामा, टाळी, गाडगे, त्यांच्या जागी योजावे लागतात. या श्रेणीची हिंदी आवृत्ती नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पारखून २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आहे, आणि हिंदीभाषक रुग्णांसाठी ती उपयोगी पडते.

आणखी एक लहानशी गोष्ट. चेहऱ्याची तपासणी करताना ‘दात दाखवा’ म्हणावयाचे असते. सुना व जावई समोर उभे असताना पदर तोंडावर ओढून घेतलेल्या वृद्धेस असे म्हटले की ती पदर अधिकच ओढते. “आजी, आम्हाले एक डाव हसून दाखवा” असे म्हणणाऱ्या परिचारिकेस तीच तपासणी अर्ध्या मिनिटात करता येते. मळणीयंत्रात हात गमावलेला शेतकरी असेल तर त्या हातास गुण द्यावयाचे नसतात. ‘तपासता येत नाही’ अशी नोंद करून कारण लिहावयाचे.

बेरजेचे उदाहरण म्हणून समजा, एका रुग्णेची उजवी बाजू गेली असून वाचाही गेली आहे. ती किंचित झापडीत आहे, १; दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही, २; दोनपैकी एकच आज्ञा पाळली, १; दृष्टी एका बाजूस ओढलेली, १; चेहऱ्याची खालची बाजू लुळी, २; उजवा हात हलत नाही, ४; उजवा पाय सोडताच पडतो, ३; संवेदना कमी, १; भाषा बरीच बिघडलेली, २; उच्चार अस्पष्ट, १. एकूण अठरा. हा आकडा पलीकडच्या डॉक्टरास सांगितला की त्याच्या डोळ्यांसमोर रुग्ण उभा राहतो.

आकड्याच्या मर्यादा

कोणतेही माप सर्व काही मोजत नाही, हे व्यवहारातील माणसास सांगावयास नको. या श्रेणीत भाषेशी निगडित बाबींना मिळून सात गुण आहेत, तर एका बाजूकडे होणाऱ्या दुर्लक्षास केवळ दोन. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्धात असते. त्यामुळे उजव्या अर्धातील तेवढ्याच मोठ्या इजेस गुण कमी पडतात. अशा रुग्णास आपला डावा हात आपला वाटत नाही, ताटातील डाव्या बाजूची भाकरी त्यास दिसत नाही, परंतु तो बोलतो चांगला. म्हणून नातेवाईकही निर्धास्त असतात. याहून फसवा प्रकार लहान मेंदूच्या पक्षाघाताचा. चक्कर, उलट्या, आणि उभे राहता न येणे ही त्याची लक्षणे. पण या श्रेणीत रुग्णास चालवून पाहत नाहीत. त्याचा गुणांक शून्यही येऊ शकतो. ‘गुण शून्य, पित्त झाले असेल’ म्हणून असा रुग्ण घरी पाठविणे घातक ठरू शकते.

आणि गुठळी की रक्तस्राव, हे या श्रेणीतून मुळीच कळत नाही. ते सी.टी. स्कॅनच सांगते. एका प्रकारात जे औषध तारक तेच दुसऱ्यात मारक, यास्तव स्कॅनपूर्वी गुठळी विरघळविण्याचे औषध देता येत नाही. रक्तातील साखर तर सर्वांत आधी पाहावयाची. साखर अतिशय उतरलेला मधुमेही हुबेहूब लकवा झाल्यासारखा दिसतो आणि साखर दिल्यावर उठून बसतो.

गुणांकाचा एक गैरवापर मात्र मी स्वतः ऐकला आहे. दुसऱ्या एका ठिकाणी नातेवाइकांना ‘बावीस गुण आहेत’ एवढेच सांगण्यात आले, आणि ‘मग नेऊन तरी काय उपयोग’ म्हणून त्यांनी रुग्णास गावी परत नेले. आरंभीचे १६ किंवा त्याहून अधिक गुण मृत्यू अथवा गंभीर अपंगत्वाची शक्यता दर्शवितात आणि ६ किंवा त्याहून कमी गुण चांगल्या सुधारणेची, हे मोठ्या समूहांबाबत खरे आहे. एका माणसाबाबत ते भाकीत नव्हे. भेंडवळच्या घटमांडणीवरून पिकाचा अंदाज ऐकणारा शेतकरीसुद्धा पेरणी सोडून घरी बसत नाही. आपल्या रुग्णालयात नुसता आकडा नातेवाइकांना सांगू नये, त्याचा अर्थ डॉक्टरांनीच समजावून द्यावा, अशी लेखी सूचना आहे.

घड्याळाची दुसरी नोंद

गुणांकाच्या शेजारी आणखी एक नोंद नसेल तर त्याचे मोल निम्मे होते. ती म्हणजे रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. १९९५ च्या ज्या चाचणीचा वर उल्लेख केला, तिच्यात ही मर्यादा तीन तासांची होती. २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर ती वाढली. त्या पहिल्या चाचणीत औषध मिळालेल्यांची तीन महिन्यांनी जवळजवळ निर्दोष राहण्याची शक्यता इतरांपेक्षा किमान ३० टक्क्यांनी अधिक होती. मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव मात्र औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के आणि इतरांत ०.६ टक्के इतका आढळला. म्हणजे औषध दुधारी आहे आणि निवड काटेकोर हवी. मोठ्या वाहिनीतील गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपचार २०१५ नंतर प्रस्थापित झाला. निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो, आणि त्यासाठी साधारणतः ६ किंवा अधिक गुणांचे रुग्ण विचारात घेतात. उपचार न झाल्यास दर मिनिटास मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा एक शास्त्रीय हिशेब २००६ साली मांडला गेला आहे.

तर ही वेळ ठरवावयाची कशी? पहाटे चारला दूध काढावयास उठला तेव्हा हात चालेना, असे सांगतात आणि ‘चार वाजता झाले’ असे लिहिले जाते. हे चूक आहे. रात्री नऊला झोपताना तो ठीक होता, म्हणून वेळ नऊची धरावयाची. मग साडेचार तास केव्हाच उलटलेले असतात. परंतु आपल्या भागात एक प्रश्न अवश्य विचारावा : रात्री पिकास पाणी देण्यासाठी मोटार सुरू करावयास उठले होते काय? रात्रीच्या वीजपुरवठ्यावर ओलित करणाऱ्या जिल्ह्यात याचे उत्तर पुष्कळदा ‘होय’ असते. अडीच वाजता मोटार सुरू करून, शेजाऱ्याशी चार शब्द बोलून जो येऊन झोपला, त्याची वेळ अडीचची. नऊ आणि अडीच यांमधील फरक म्हणजे औषध मिळणे आणि न मिळणे यांमधील फरक होय. हा प्रश्न अमेरिकेतील कोणत्याही छापील तक्त्यात सापडणार नाही. आपल्या तक्त्यात तो ठळक अक्षरांत छापला आहे.

गावातील कार्यकर्त्यांना बेचाळीस गुणांची आवश्यकता नाही. चेहरा वाकडा, हात खाली येणारा, किंवा बोलणे बोबडे, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी घड्याळ पाहावे, तोंडाने पाणी-औषध काही देऊ नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मालीश किंवा लकव्याचे औषध देणारे गाव यांसाठी त्या दिवशी वेळ नसतो.

पुन्हापुन्हा मोजणे

एकदा काढलेला गुणांक म्हणजे एका दिवसाची रोख शिल्लक. खाते वाढते आहे की बुडते आहे हे दुसऱ्या नोंदीशिवाय कळत नाही. सकाळपाळीची परिचारिका ‘बरा वाटतो’ लिहिते आणि रात्रपाळीची ‘तसाच आहे’ लिहिते; या दोन शेऱ्यांची वजाबाकी होऊ शकत नाही. बाराचे सोळा झाले तर मात्र वजाबाकी होते. चार किंवा अधिक गुणांची वाढ ही धोक्याची मानून, वेळ कोणतीही असो, डॉक्टरांना उठवावयाचे असते. गुठळी विरघळविणारे औषध दिलेल्या रुग्णाची मेंदूची तपासणी व रक्तदाब पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढील सहा तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर चोवीस तास पूर्ण होईपर्यंत तासातासाने पाहावे लागतात. एवढ्या नोंदींसाठी माणसे लागतात. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती खाटा असाव्यात, हा प्रश्न मी अंदाजपत्रकात दरवर्षी मांडतो, तो यासाठीच.

आता चौथ्या रकान्याचे प्रयोजन. ज्या रुग्णालयाकडे अतिगंभीर रुग्ण येतात, तेथे मृत्यू अधिक होणारच. ज्यांच्याकडे सौम्य रुग्ण येतात त्यांचे आकडे आपोआप सुरेख दिसतात. भांडवल न सांगता दोन दुकानांच्या नफ्याची तुलना करण्यासारखा हा प्रकार आहे. अमेरिकेत २०१२ साली ७८२ रुग्णालयांच्या पक्षाघाताच्या मृत्युदरांचा अभ्यास झाला. आरंभीचा गुणांक हिशेबात घेतल्याबरोबर, सर्वांत चांगल्या व सर्वांत वाईट पाच टक्क्यांत गणलेल्या रुग्णालयांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्णालये मधल्या वर्गात येऊन बसली. म्हणजे त्यांची कीर्ती किंवा अपकीर्ती पुष्कळशी त्यांच्या दारात येणाऱ्या रुग्णांची होती. हा रकाना नसेल तर गंभीर रुग्ण दारातूनच पुढे पाठवून आपला मृत्युदर सुंदर ठेवण्याचा मोह कोणत्याही व्यवस्थापनास होऊ शकतो, आणि धर्मादाय संस्थेस तो सर्वांत कमी शोभतो.

दाखल होतेवेळच्या गुणांकाची जोडी लागते ती तीन महिन्यांनंतरच्या स्थितीशी. त्यासाठी ‘रँकिन श्रेणी’ वापरतात, ग्लासगोच्या डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या श्रेणीचे हे सुधारित रूप असून ते शून्य ते सहा असे आहे, आणि त्यात सहा म्हणजे मृत्यू. हे प्रश्न दूरध्वनीवर विचारता येतात. आमची समाजसेविका नव्वद दिवसांनी घरी दूरध्वनी करून विचारते : स्वतः उठून न्हाणीपर्यंत जाता का? कोणाच्या आधाराने? घासाला हात पुरतो का? शेतात जाता का, आणि गेल्यावर पूर्वीचे काम करता का? पुष्कळदा दूरध्वनी नातवाकडे असतो, आजी अंगणात असते, आणि तिला बोलावून आणेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. ती किती वेळात येते, हेही समाजसेविका टिपून ठेवते.